रीसेट मारण्याआधी: स्मार्ट उपकरणं ऐकेनाशी झाली की काय काय तपासायचं

परवा सकाळी मावशीचा फोन आला. "अरे, हॉलमधला तुझा तो स्मार्ट बल्ब रुसलाय. स्पीकरला तीनदा सांगितलं, तो आपला म्हणतोय, डिव्हाइस प्रतिसाद देत नाही. रीसेट मारू का?"

"मावशी, थांब. आधी भिंतीवरचं बटण बघ."

पलीकडून चपलांचा आवाज, मग एक खटका. "अगंबाई! रात्री मीच बंद केलं की. हाताची सवय जात नाही मेली."

माझ्याकडे येणारे असे बरेचसे फोन इथंच संपतात. उरलेल्यांतही बल्ब, प्लग किंवा कॅमेरा बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्याच्यापर्यंत निरोप पोचत नसतो, एवढंच. आणि नेमक्या अशा वेळी माणूस रीसेटचं बटण दाबून बसतो. रीसेट झालेलं उपकरण तुमचं वायफाय विसरतं, तुम्ही लावलेल्या वेळा विसरतं, आणि मूळ दोष मात्र जिथल्या तिथं राहतो. म्हणून या लेखात रीसेट अगदी शेवटी येईल. तोवर निरोप नेमका कुठे अडकलाय ते शोधायचं.

निरोप कुठून कुठे जातो

"हॉलचा लाइट लाव" असं तुम्ही स्पीकरला सांगितलंत की तुमचा आवाज आधी स्पीकरच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर बल्बच्या कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. तिथून निरोप इंटरनेटवरून तुमच्या राउटरकडे येतो, आणि राउटर तो वायफायवरून बल्बला देतो. बल्ब तुमच्यापासून दोन हातांवर असला तरी निरोप गावाला वळसा घालून येतो. अ‍ॅपमधून बटण दाबलंत तर स्पीकरवाला टप्पा गळतो. काही अ‍ॅप घरच्याच वायफायवर असताना थेट बल्बशी बोलतात, तेव्हा सर्व्हरही गळतो. आणि प्लगच्या अंगावरचं बटण दाबलंत तर मध्ये कुणीच नसतं.

हे एवढं लक्षात राहिलं तरी अर्धं काम झालं, कारण प्रत्येक वाट म्हणजे फुकटची चाचणी आहे. एक वाट चालते आणि दुसरी चालत नाही, म्हणजे दोष त्या दोघींमधल्या फरकात आहे.

पायरी १: काहीही न दाबता तीन प्रश्न

पहिला प्रश्न: किती उपकरणं बंद आहेत? एकच असेल तर त्याची वीज, त्याची रेंज किंवा ते स्वतः. घरातली सगळीच असतील तर राउटर किंवा इंटरनेट. एकाच कंपनीची सगळी गेली आणि बाकीची चालताहेत, तर बहुधा त्या कंपनीचा सर्व्हर किंवा त्या अ‍ॅपमधलं तुमचं खातं. घराच्या एकाच टोकाची गेली असतील तर रेंज. हा चौथा प्रकार लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही, कारण अ‍ॅपमधली यादी खोल्यांच्या क्रमाने असतेच असं नाही. कागदावर घराचा ढोबळ आराखडा काढून बंद उपकरणांवर फुल्या मारा. दोन मिनिटांत चित्र दिसतं.

दुसरा प्रश्न: कोणत्या वाटेने चालत नाही? याच क्रमाने करून बघा. उपकरणावरचं बटण दाबा. मग फोन घरच्या वायफायवर ठेवून अ‍ॅपमधून. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर त्याच अ‍ॅपमधून. शेवटी आवाजाने. अ‍ॅपमधून चालतं पण आवाजाने नाही, तर बल्बला आणि राउटरला हात लावू नका, दोष स्पीकरच्या बाजूला आहे. घरच्या वायफायवर चालतं पण बाहेरून नाही, तर इंटरनेट किंवा सर्व्हर. मोबाइल डेटावर चालतं पण घरच्या वायफायवर नाही, हे विचित्र वाटेल, पण होतं. तिथं संशय फोनवर घ्यायचा.

तिसरा प्रश्न: कधीपासून, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं? नवा राउटर, वायफायचा नवा पासवर्ड, लाइट जाऊन आली, फोन बदलला, कपाट सरकवलं. "काहीच बदललं नाही" हे उत्तर मी सहसा धरत नाही. स्वतःचंसुद्धा नाही; कारण पुढे येईलच.

पायरी २: वीज

भिंतीवरचं बटण झालंच. स्मार्ट बल्बला चोवीस तास वीज लागते. बटण बंद म्हणजे बल्ब मेला, मग त्याला कितीही हाका मारा. घरात इतरांना सवय लागेपर्यंत त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा. दिसायला बरं नाही, पण काम होतं.

प्लग एक्स्टेंशन बोर्डात असेल तर बोर्डाचं बटण बघा. बल्ब होल्डरमध्ये सैल झाला असेल तर घट्ट बसवा, पण बटण बंद करून आणि बल्ब थंड झाल्यावर. जुन्या पद्धतीच्या डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर, स्मार्ट बल्ब लावला असेल तर तो फडफडतो, गुणगुणतो, मध्येच ऑफलाइन जातो. डिमरवाल्या बटणावर साधा बल्बच बरा.

कॅमेऱ्याची एक खोडी सांगतो. दिवसभर ठणठणीत चालतो आणि अंधार पडला की दर काही मिनिटांनी ऑफलाइन. रेंजही चांगली. अशा वेळी वायफायशी झटापट करण्याआधी त्याची वायर बघा. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची भूक वाढते. अडॅप्टर कमी ताकदीचा असेल किंवा यूएसबी वायर लांब आणि बारीक असेल तर दुसऱ्या टोकाला पुरेसा दाब पोचत नाही, मग कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. मूळचा अडॅप्टर आणि आखूड, जाड वायर लावून एक रात्र बघा.

बॅटरीवरच्या उपकरणांचं वेगळं. दाराचे सेन्सर, कुलपं यांच्या अ‍ॅपमध्ये दिसणारे टक्के फार मनावर घेऊ नका. साध्या अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, रिचार्जेबल निकेल सेलचा १.२. त्यामुळे रिचार्जेबल सेल घातले की पूर्ण भरलेले असूनही काही उपकरणं ते अर्धे संपलेले दाखवतात. उलट, हे सेल बराच वेळ दाब टिकवून धरतात आणि शेवटी एकदम बसतात, म्हणजे इशारा मिळायच्या आधीच कुलूप बंद. कुलपात कंपनीने सांगितलेलेच सेल घाला आणि सगळे एकदम बदला, दोन नवे दोन जुने असं नको. आणि स्मार्ट कुलपाची साधी किल्ली घराबाहेर कुणाकडे तरी असू द्या.

भिंतीतल्या स्मार्ट स्विचची गडबड असेल तर बोर्ड स्वतः उघडू नका. न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी वायर) नसलेल्या बोर्डात बसणारे स्विच स्वतःपुरती वीज बल्बमधूनच ओढतात. फार कमी वॅटचा एलईडी लावला की तो बंद असतानाही मिणमिणतो किंवा स्विचच ऑफलाइन जातो. हे ओळखणं तुमचं काम, दुरुस्ती वायरमनची.

पायरी ३: राउटर आणि वायफाय

इथं जरा सावकाश जाऊ, कारण खरं घोडं बहुतेक वेळा इथंच पेंड खातं.

आधी सगळं नीट क्रमाने बंद-चालू करा. मोडेम वेगळा असेल तर मोडेम आणि राउटर दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा. मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या. मग राउटर. मग हब, म्हणजे काही उपकरणांचे निरोप राउटरपर्यंत पोचवणारी डबी, असेल तर तो. सगळ्यात शेवटी अडलेलं उपकरण. हा क्रम महत्त्वाचा आहे. लाइट जाऊन आली की बल्ब काही सेकंदांत जागा होतो, पण राउटरला उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात काही उपकरणं वायफाय शोधून, न सापडल्याने हार मानून गप्प बसतात. नेट आलेलं असतं, बल्ब मात्र ऑफलाइनच. त्याला राउटरनंतर एकदा बंद-चालू केलं की काम होतं.

त्यानंतरही अडलं तर राउटरचं पान उघडा. पत्ता आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेले असतात. तिथं जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. तुमचा प्लग यादीत आहे पण अ‍ॅपमध्ये ऑफलाइन, तर वायफाय ठीक, पुढची वाट अडलीय. यादीतच नाही, तर खालचे मुद्दे बघा.

बहुतेक स्मार्ट बल्ब आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी भिंतींपुढे लवकर दम टाकतं, आणि बल्बला वेगाचं काही देणंघेणं नसतं. राउटरमध्ये २.४ चा पट्टा कुणी बंद केला असेल तर फोन मजेत चालतात आणि बल्ब गायब होतात. पट्टा चालू असेल तर चॅनल बघा. १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, त्यांतलाच एक निवडा. "ऑटो"वर ठेवलेला राउटर कधी कधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो आणि काही उपकरणांना ते चॅनल दिसतच नाहीत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

आता सुरक्षेचा रकाना. इथं मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय. शनिवारी रात्री राउटरची सेटिंग चाळताना मला डब्ल्यूपीए-३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) हा पर्याय दिसला. नवं म्हणजे चांगलं, म्हणून निवडला आणि झोपलो. सकाळी सहा बल्ब आणि दोन प्लग ऑफलाइन. फोन आणि लॅपटॉप व्यवस्थित चालत होते, त्यामुळे वायफायवर संशय गेलाच नाही. शिडी आणली. पहिला बल्ब पाच वेळा चालू-बंद करून रीसेट केला. तो लुकलुकायला लागला, अ‍ॅपने शोधला, पासवर्ड घेतला, टक्क्यांचं वर्तुळ सरकत सरकत ९९ वर गेलं आणि तिथंच थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा ९९. बल्ब खराब समजून दुसऱ्याकडे वळलो, मग तिसऱ्याकडे. तिन्ही ९९ वर. जेवून झाल्यावर रात्रीची करामत आठवली. सेटिंग परत डब्ल्यूपीए-२ वर आणलं, आणि ज्या पाच उपकरणांना मी हातच लावला नव्हता ती मिनिटभरात आपली आपण परत आली. रीसेट केलेले तीन बल्ब तेवढे शिडीवर चढून नव्याने जोडावे लागले.

तर, जुन्या उपकरणांना डब्ल्यूपीए-३ समजत नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि ३ चा मिश्र पर्याय असतो, तो घ्या. त्यानेही एखादं उपकरण कुरकुरलं तर नुसतं २.

नवा राउटर आणला असेल तर सगळ्यांत सोपी युक्ती ही: नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अगदी लहान-मोठ्या अक्षरांसकट. उपकरणांना राउटर बदलल्याचं कळतही नाही. वीस बल्ब पुन्हा जोडण्याचा व्याप वाचतो.

रेंज मोजायला बऱ्याच अ‍ॅपमध्ये "सिग्नल" किंवा "डिव्हाइसची माहिती" अशा ठिकाणी उणे आकडा दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ७० काठावर, उणे ८० म्हणजे आज चालेल, उद्या नाही. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. धातूचं कपाट, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी मध्ये आली की आकडा घसरतो. मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो, त्यामुळे तो सुरू असताना शेजारचा प्लग ऑफलाइन जात असेल तर प्लगची जागा बदला. राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात कोंडून ठेवला असेल तर उघड्यावर, उंचावर आणा. एवढ्याने सुटलेली प्रकरणं मी पुष्कळ पाहिलीत.

आणखी एक दुखणं हळूहळू वाढतं. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो आणि त्याच्याकडचे पत्ते मोजके असतात. शिवाय काही साध्या राउटरांना एका वेळी ३२ पेक्षा जास्त वायफाय उपकरणं झेपत नाहीत. फोन, टीव्ही, लॅपटॉप, बल्ब, सेन्सर मिळून हा आकडा केव्हा ओलांडला जातो ते कळत नाही. लक्षण असं: एक उपकरण जोडलं की दुसरंच कुठलं तरी पडतं. पाहुणे आले की बल्ब बंद पडतात, ही तक्रार ऐकली तेव्हा मला हसू आलं होतं, पण कारण हेच निघालं. सगळ्यांचे फोन वायफायवर आले होते.

उपकरणं पाहुण्यांच्या वायफायवर, म्हणजे गेस्ट नेटवर्कवर टाकली असतील तर तिथं ती एकमेकांना आणि तुमच्या फोनला दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवा. सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे. पण मग थेट बोलणारी अ‍ॅप आणि टीव्हीवर चित्र पाठवणं चालणार नाही.

पायरी ४: फोन आणि अ‍ॅप

घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करून बघा. तिथून चाललं तर तुमच्या फोनमध्ये गोम आहे. व्हीपीएन, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून वळवणारी सेवा, चालू असेल तर बंद करा. त्यामुळे फोन घरात असूनही घराबाहेर असल्यासारखा वागतो. आयफोनवर २०२० पासून, म्हणजे आयओएस १४ पासून, घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत "नको" म्हटलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. अँड्रॉइडवर नवं उपकरण जोडताना अ‍ॅप लोकेशन मागतं, ते आसपासचं वायफाय आणि ब्लूटूथ शोधण्यासाठी. जोडणी होईपर्यंत द्या, मग काढून घ्या.

पायरी ५: आवाजाची बाजू

अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं आणि स्पीकर मात्र ओळखच दाखवत नाही, तर बल्बच्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड अलीकडे बदललाय का ते आठवा. पासवर्ड बदलला की दोन खात्यांमधली जोड बरेचदा तुटते. स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये ती सेवा काढून पुन्हा जोडा आणि उपकरणं नव्याने शोधायला सांगा. बल्बला हात लावायचा नाही.

नावांचा घोळही इथलाच. खोलीचं नाव "हॉल", बल्बचं नाव "हॉल" आणि गटाचं नाव "हॉल लाइट" असेल तर स्पीकरने कुणाला आवाज द्यायचा? बल्ब बदलल्यावर जुन्याची नोंद यादीत तशीच राहते आणि स्पीकर त्या मेलेल्या बल्बला हाका मारत बसतो. "प्रतिसाद देत नाही" याचा अर्थ बरेचदा हाच असतो. यादी उघडा, जुन्या नोंदी काढा, नावं एकमेकांपासून दूरची ठेवा.

इन्फ्रारेडवर चालणाऱ्या स्मार्ट रिमोटची गोष्ट न्यारी. ती डबी एसीला किंवा टीव्हीला नुसती हुकूम सोडते, उत्तर ऐकत नाही. त्यामुळे एसी साध्या रिमोटने बंद केला तरी अ‍ॅप "चालू" म्हणतच राहतं. याला बिघाड समजू नका. डबी आणि एसी यांच्यामध्ये पडदा किंवा पुस्तकांची चळत आलीय का, तेवढं बघा.

पायरी ६: सर्व्हर पडलाय का?

एका कंपनीची सगळी उपकरणं एकाच क्षणी गेली आणि तुमचं नेट ठीक आहे, तर हातातलं सगळं खाली ठेवा. ७ डिसेंबर २०२१ रोजी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला, तेव्हा दाराच्या बेल, कॅमेरे, झाडू मारणारे रोबो असं पुष्कळ काही काही तास आडवं झालं होतं. घरोघरचे राउटर निर्दोष होते. अशा वेळी कंपनीचं सेवास्थितीचं पान बघायचं, इतरांच्या तक्रारी दिसताहेत का ते बघायचं, आणि वाट बघायची.

वाट न बघितल्याचं फळ काय असतं ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमधल्या (फोनवरचं टीव्हीवर दाखवणारं छोटं उपकरण) एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ती उपकरणं एकाएकी चालेनाशी झाली. गूगलने लोकांना सांगितलं की फॅक्टरी रीसेट करू नका. काही दिवसांनी दुरुस्ती आली. पण ज्यांनी आधीच रीसेट केलं होतं त्यांना उपकरण पुन्हा जोडताच येईना, त्यांना आणखी थांबावं लागलं.

सर्व्हर कायमचा बंद होण्याचेही प्रसंग आहेत. नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीच्या ताब्यातला रिव्हॉल्व्ह नावाचा हब मे २०१६ मध्ये बंद करण्यात आला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले आणि लोकांना ते अ‍ॅप चालेना तेव्हा कळलं. तुमच्या उपकरणाच्या कंपनीची साइट महिनोन्‌महिने हललेली नसेल आणि अ‍ॅप स्टोअरमधून अ‍ॅपही गायब असेल, तर राउटरशी भांडण्यात अर्थ नाही.

पायरी ७: हबवरची उपकरणं

झिगबी किंवा थ्रेड या वेगळ्या बिनतारी पद्धतींवरची उपकरणं वायफायवर नसतात. ती आपसांत साखळी करून निरोप हबपर्यंत पोचवतात. सतत वीज असलेली उपकरणं, म्हणजे प्लग आणि बऱ्याच कंपन्यांचे बल्ब, दुसऱ्यांचे निरोप पुढे ढकलतात. बॅटरीवरचे सेन्सर ढकलत नाहीत. म्हणून पॅसेजमधल्या बल्बचं बटण कुणी बंद केलं की मागच्या खोलीतला सेन्सर मुका होतो, आणि आपण त्या बिचाऱ्या सेन्सरचे सेल बदलत बसतो. आधी मधला दुवा बघा. तो परत आल्यावर साखळी सावरायला काही तास द्या.

हब राउटरला खेटून ठेवू नका, कारण झिगबीही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. संगणकात खोचायचा झिगबी डाँगल असेल तर तो निळ्या यूएसबी ३ पोर्टात थेट लावू नका. त्या पोर्टातून नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट होतो. मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून डाँगल लांब न्या.

पायरी ८: आता रीसेट

वरचं सगळं झालं आणि एकच उपकरण अडून बसलंय, तर रीसेट करा. पण आधी पाच मिनिटं काढून त्याचं अ‍ॅपमधलं नाव, लावलेल्या वेळा आणि ते कुठल्या कुठल्या ऑटोमेशनमध्ये (आपोआप चालणाऱ्या हुकुमांत) आहे याचे स्क्रीनशॉट घ्या. पुन्हा जोडलेलं उपकरण हे बऱ्याच अ‍ॅपच्या लेखी नवंच असतं. नाव तेच दिलंत तरी जुनी ऑटोमेशनं त्याला ओळखतीलच असं नाही.

मग अ‍ॅपमधून उपकरण काढून टाका. हे विसरू नका. काही कंपन्यांची उपकरणं खात्याला बांधलेली असतात आणि जुन्या खात्यातून सुटल्याशिवाय नव्यात येत नाहीत. दुसऱ्याकडून वापरलेला कॅमेरा घेतला असेल तर हा अडथळा हमखास येतो.

बल्ब सहसा तीन ते पाच वेळा ठरावीक लयीत चालू-बंद केला की रीसेट होतो. प्लगवरचं बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरायचं. लय प्रत्येक कंपनीची वेगळी, तेवढी माहितीपत्रकात बघा. दिवा भराभर लुकलुकायला लागला की उपकरण जोडणीला तयार आहे. बऱ्याच उपकरणांत सावकाश लुकलुकणं म्हणजे दुसरी पद्धत: ते स्वतःचंच छोटं वायफाय सुरू करतं आणि तुमचा फोन त्याला जोडायचा असतो. भराभरवाली पद्धत दोनदा फसली तर ही वापरा. फक्त त्या वायफायवर इंटरनेट नसल्यामुळे फोन शहाणपणा करून मोबाइल डेटावर पळतो आणि जोडणी तुटते. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा. प्लग असेल तर राउटरच्या जवळ आणून जोडा, मग त्याच्या जागी न्या. फोन ५ गिगाहर्ट्झवर असल्याने अ‍ॅप अडत असेल तर तेवढ्या वेळापुरतं राउटरमध्ये ५ बंद करा.

राउटरजवळ आणूनही, डब्ल्यूपीए-२ वर, २.४ वर, दुसऱ्या फोनवरूनही ते जोडलं जात नसेल, किंवा बटण दाबल्यावर दिवाच लागत नसेल, तर उपकरण गेलंय. वॉरंटीचा कागद शोधा.

पुढच्या वेळेसाठी

सगळं चालू झाल्यावर लगेच, आठवण ताजी असताना, थोडी कामं उरकून घ्या. राउटरमध्ये हब आणि कॅमेऱ्यांचे पत्ते राखून ठेवा, म्हणजे दर वेळी बदलणार नाहीत. राउटरला छोटा यूपीएस लावा. बल्बच्या सेटिंगमध्ये "वीज आल्यावर काय करायचं" असा पर्याय असतो, तो "आधी होतं तसं" यावर ठेवा. नाहीतर मध्यरात्री लाइट येईल आणि घरभर लख्ख उजेड पडेल. फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट चालू असताना मात्र वीज तोडू नका, त्याने चांगलं उपकरण कायमचं बसू शकतं.

नवीन काही घेताना खोक्यावर मॅटरची खूण आहे का ते बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या मानकात हुकूम घरच्या नेटवर्कवरूनच जातो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी फोनवरून दिवा लावता येतो. अशा उपकरणावर एक क्यूआर आणि ११ आकडी कोड छापलेला असतो, आणि तो बल्बच्या अंगावर असतो. बल्ब छताला लावल्यावर तो वाचायला पुन्हा शिडी लागते. म्हणून लावण्याआधीच कोडचा फोटो काढा आणि फोटोला खोलीचं नाव द्या. मावशीच्या घरातले सगळे कोड माझ्या फोनमध्ये आहेत. बटणावरची चिकटपट्टी मात्र तिने परवाच काढून टाकली, भिंतीला शोभत नाही म्हणून.